खूण, रोग आणि संकेतांक : एका वर्गीकरणाचे परीक्षण

वर्गीकरण म्हटले की आपल्याला जीवशास्त्राचा तास आठवतो. पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय, सपुष्प आणि अपुष्प, एकदल आणि द्विदल. हा भाग बहुधा पाठ करून घेतला जातो. त्यामुळे हे वर्गीकरण कोणी केले, कशासाठी केले, आणि त्याची रेघ चुकीच्या जागी पडलेली असू शकते का, असे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. हे प्रश्न किती मोलाचे आहेत ते दाखवण्यासाठी एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे एका लहानशा वर्गीकरणाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत.

हे वर्गीकरण अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या रोगसंकेतावलीचा एक कोपरा आहे. गुदमार्गाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीत काही वावगे आढळले, तर त्याची नोंद कोणत्या संकेतांकाखाली करायची, एवढाच त्याचा विषय. अवयवाचे नाव घेताना आपल्याकडे संकोच होतो, पण आजाराची चर्चा संकोचाने थांबवली तर नुकसान रुग्णाचेच होते. शिवाय हा कोपरा इतका छोटा आहे की त्याचे गुण आणि दोष दोन्ही एका बैठकीत तपासता येतात.

रोगांना क्रमांक कशासाठी?

एकाच रोगाला गावोगावी वेगवेगळी नावे असली, तर रोग किती जणांना झाला हे मोजता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. पुढे १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या यादीची सहावी आवृत्ती काढली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांनाही जागा दिली. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी २०१९ साली संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीचा स्वतःपुरता विस्तार केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथील रुग्णालये ही विस्तारित संकेतावली वापरतात.

संकेतांकाची रचना सोपी आहे. आरंभी एक इंग्रजी अक्षर, मग दोन स्थाने, मग दशांशचिन्हासारखा एक बिंदू आणि त्यापुढे आणखी काही स्थाने. जितकी स्थाने अधिक तितका तपशील अधिक. आपल्याला येथे चार अक्षरे पुरतील. ‘सी’ म्हणजे आसपासच्या ऊतींत शिरणारा कर्करोग. ‘डी’च्या पहिल्या भागात, जागा सोडून आत न शिरलेला, म्हणजे स्थानसीमित कर्करोग येतो. ‘के’ म्हणजे पचनसंस्थेचे आजार. आणि ‘आर’ म्हणजे लक्षणे व तपासणीतील असे निष्कर्ष, ज्यांना अजून रोगाचे नाव मिळालेले नाही.

जागतिक संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत ‘आर ८५.६’ म्हणजे पचनसंस्थेतून घेतलेल्या नमुन्यात पेशींचे अपसामान्य रूप आढळणे. ती यादी येथे थांबते. अमेरिकी विस्ताराने पुढे आणखी दोन अंक जोडले. ‘आर ८५.६१’ हा गट फक्त गुदमार्गाच्या पेशींसाठी, आणि त्यापुढचा सहावा अंक नेमके काय दिसले ते सांगणारा.

तपासणीत काय पाहतात?

गुदमार्ग हा पचनमार्गाचा शेवटचा, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या वरच्या बाजूचे अस्तर आतड्यासारखे, उभट पेशींचे असते, तर खालच्या बाजूचे त्वचेसारखे, चपट्या पेशींच्या थरांचे. दोन्ही अस्तरे जेथे भेटतात त्या पट्ट्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. गर्भाशयाच्या मुखाशीही असाच पट्टा असतो. या दोन्ही ठिकाणी ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एच.पी.व्ही., ठाण मांडू शकतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग या विषाणूमुळे होतो हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुदमार्गाच्या कर्करोगांपैकीही सुमारे नव्वद टक्के याच विषाणूशी निगडित असून त्यांत प्रकार क्रमांक १६ प्रमुख आहे.

हा कर्करोग एरवी विरळ आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत वर्षाला लाखात एक ते दोन. मात्र एच.आय.व्ही.बाधित असलेल्या समलिंगी पुरुषांत हे प्रमाण लाखात सुमारे ८५ असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात आढळले. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना आणि एच.पी.व्ही.मुळे बाह्य जननेंद्रियांचा आजार झालेल्या स्त्रियांनाही धोका अधिक असतो. म्हणून चाळणी तपासणी सरसकट सगळ्यांची न करता अशा गटांची करावी, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

तपासणीची रीत पॅप चाचणीसारखीच आहे. टोकाला बोळा असलेल्या ओलसर काडीने पेशी खरवडून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही वावगे दिसले तर भिंगाने गुदमार्ग तपासून संशयित जागेचा लहान तुकडा काढतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. हा फरक पक्का ध्यानात ठेवायला हवा. पहिल्या तपासणीत सुट्या पेशी दिसतात, दुसरीत पेशींचे थर आणि त्यांची मांडणी दिसते. पहिली तपासणी संशय सांगते, रोगाचे नाव दुसरी ठरवते.

संकेतावलीचे गुण

आता ‘आर ८५.६१’चा सहावा अंक पाहू. ० म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या, पण त्याचा अर्थ अनिश्चित. १ म्हणजे वेगळ्या, आणि उच्च श्रेणीचा बिघाड नाकारता येत नाही. २ म्हणजे निम्न श्रेणीचा बिघाड. ३ म्हणजे उच्च श्रेणीचा बिघाड. ४ म्हणजे कर्करोगाच्या पेशींचा पुरावा. ५ म्हणजे नमुना तपासण्याजोगा नाही. ६ म्हणजे नमुना ठीक, पण त्यात संक्रमण क्षेत्राच्या पेशी आलेल्या नाहीत. ८ म्हणजे इतर काही, आणि ९ म्हणजे तपशील दिलेला नाही.

या मांडणीत आम्हाला तीन गुण दिसतात.

पहिला गुण शिस्तीचा. ही नावे मनाने रचलेली नाहीत. गर्भाशयमुखाच्या पेशींचे अहवाल एकसारखे लिहिले जावेत म्हणून १९८८ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे एक पद्धत ठरली. २००१ सालच्या सुधारणेत तिच्यात गुदमार्गाच्या पेशींचाही समावेश झाला. संकेतावलीने तीच भाषा उचलली. गर्भाशयमुखासाठी ‘आर ८७.६१’ असा गट आहे आणि त्यातही ० ते ६ या अंकांचे अर्थ हेच आहेत. ज्याला एक यादी येते त्याला दुसरी आपोआप येते.

दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. ५ आणि ६ हे अंक रुग्णाविषयी काहीच सांगत नाहीत, ते तपासणीविषयी सांगतात. नमुना अपुरा होता, ही माहितीसुद्धा नोंदवण्यासारखी आहे हे या वर्गीकरणाने मान्य केले. प्रयोगवहीत ‘वाचन मिळाले नाही’ असे लिहिण्याऐवजी शून्य लिहून मोकळे होणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. शून्य आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक या यादीने नीट सांभाळला आहे.

तिसरा गुण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खूण आणि रोग यांची गल्लत येथे होऊ दिलेली नाही. पेशींच्या तपासणीत उच्च श्रेणीचा बिघाड दिसला तरी नोंद ‘आर’ अक्षराखालीच होते, म्हणजे ती एक खूण राहते. बायॉप्सीने रोग सिद्ध झाला की ‘के’ किंवा ‘डी’ अक्षराचा संकेतांक लागतो, आणि मग त्याच रोगासाठी ‘आर’चा संकेतांक बरोबरीने लावू नये, अशी स्पष्ट टीप यादीत आहे. याला व्यावहारिक कारण आहे. पेशींची तपासणी पुष्कळदा बिघाड आहे त्यापेक्षा सौम्य दाखवते. अर्थ अनिश्चित असा अहवाल आलेल्या रुग्णाच्या बायॉप्सीत उच्च श्रेणीचा बिघाड निघू शकतो. खुणेलाच रोग मानले असते, तर असे रुग्ण कायम चुकीच्या रकान्यात राहिले असते.

रेघ कोठे पडली?

‘आर’ अक्षरापाशी एवढी काळजी घेणारी ही संकेतावली बायॉप्सीनंतरच्या नोंदीत मात्र घसरते.

बायॉप्सीत अस्तराचा बिघाड पूर्वी तीन श्रेणींत मोजत असत. बिघडलेल्या पेशी अस्तराच्या खालच्या एकतृतीयांश जाडीत असतील तर पहिली श्रेणी, दोनतृतीयांशांपर्यंत असतील तर दुसरी, आणि त्याहून वर गेल्या असतील तर तिसरी. यांतली दुसरी श्रेणी नेहमीच त्रासदायक ठरली. एकच काचपट्टी दोन तज्ज्ञांना दिली, तर त्यांचे दुसऱ्या श्रेणीविषयी एकमत होणे कठीण. म्हणून २०१२ साली अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांनी दोनच श्रेणी ठेवण्याची शिफारस केली : निम्न आणि उच्च. दुसऱ्या श्रेणीच्या शंकास्पद नमुन्यावर पी-१६ या प्रथिनाचे रंजन करावे. ते ठळक उमटले तर नमुना उच्च श्रेणीत, नाहीतर निम्न श्रेणीत. पेशींच्या अहवालात या दोन श्रेणी आधीपासूनच होत्या. आता बायॉप्सीची भाषाही तीच झाली.

संकेतावलीत मात्र २०२४ सालच्या आवृत्तीतही पहिली आणि दुसरी श्रेणी ‘के ६२.८२’ या एकाच संकेतांकाखाली आहेत, आणि तिसरी ‘डी ०१.३’ म्हणजे स्थानसीमित कर्करोग या संकेतांकाखाली. विज्ञानाने रेघ दुसऱ्या श्रेणीच्या पोटातून ओढली आहे, संकेतावलीची रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या मध्ये आहे. त्यामुळे उच्च श्रेणीचा बिघाड असलेले काही रुग्ण ‘के’मध्ये सापडतात आणि काही ‘डी’मध्ये, तर ‘के’मध्ये त्यांच्या शेजारी निम्न श्रेणीचे रुग्णही बसलेले असतात.

हा घोटाळा शाळेच्या उदाहरणाने लगेच कळेल. समजा, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. पण निकालपत्रकात गुण न लिहिता फक्त ‘५० च्या आत’ आणि ‘५० किंवा अधिक’ असे दोनच शेरे लिहिले. वर्षअखेरीस मुख्याध्यापकांनी विचारले, अनुत्तीर्ण किती? पत्रकावरून उत्तर देणे अशक्य. ‘५० च्या आत’ असलेल्यांत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण दोन्ही मिसळले आहेत. हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी जी रेघ पत्रकात नाही ती मागाहून काढता येत नाही.

फरक पडतो तो कोणाला?

कोणी म्हणेल, डॉक्टर काही संकेतांक पाहून उपचार करत नाहीत, बायॉप्सीचा मूळ अहवाल त्यांच्यासमोर असतोच. हे खरे आहे. पण संकेतांक डॉक्टरांच्या खोलीबाहेर पडतो. विम्याच्या कागदांवर तोच जातो, रुग्णालयाच्या वार्षिक आकड्यांत तोच जातो, आणि आमच्यासारख्या संशोधकांच्या हाती पुष्कळदा मूळ अहवाल न येता संकेतांकांचे संचच येतात.

आणि येथे निम्न-उच्च हा भेद केवळ नावापुरता राहिलेला नाही. उच्च श्रेणीचा बिघाड वेळीच काढून टाकला तर कर्करोग टळतो का, याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ‘अँकर’ नावाने ती ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वय ३५ किंवा त्याहून अधिक असलेले, एच.आय.व्ही.बाधित, आणि बायॉप्सीत उच्च श्रेणीचा बिघाड सिद्ध झालेले ४,४४६ जण तिच्या विश्लेषणात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाचा बिघाड काढून टाकला, दुसऱ्या गटावर फक्त बारीक लक्ष ठेवले. पहिल्या गटात ९ जणांना कर्करोग झाला, दुसऱ्यात २१ जणांना. वर्षाच्या हिशेबाने हे प्रमाण लाखात १७३ आणि ४०२ असे पडते. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : १७३ भागिले ४०२ म्हणजे सुमारे ०.४३. म्हणजेच उपचाराने कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले.

या चाचणीनंतर ‘उच्च श्रेणीचे रुग्ण किती, आणि त्यांतल्या किती जणांना उपचार मिळाला?’ हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयाने स्वतःला विचारायलाच हवा. संकेतांकांच्या आधारे त्याचे उत्तर मिळत नाही. केवळ ‘डी ०१.३’ मोजले तर दुसऱ्या श्रेणीतले उपचारयोग्य रुग्ण सुटतात. ‘के ६२.८२’ही धरले तर ज्यांना उपचाराची गरज नाही असे रुग्ण मोजणीत शिरतात, आणि उपचार मिळालेल्यांची टक्केवारी आहे त्यापेक्षा कमी दिसते. दोन्ही उत्तरे चुकीची, आणि चूक किती हेही कळायला मार्ग नाही.

रुग्णाच्या बाजूनेही पाहू. शेजारी शेजारी बसलेले दोन रुग्ण, दोघांनाही उच्च श्रेणीचा बिघाड, दोघांना उपचार एकच. एकाच्या कागदावर ‘डिस्प्लेशिया’, म्हणजे पेशींची मांडणी बिघडणे, असा शब्द. दुसऱ्याच्या कागदावर ‘कर्करोग’ हा शब्द, जरी त्याच्यामागे ‘स्थानसीमित’ असे विशेषण असले तरी. एक निर्धास्त होऊन पुढच्या भेटीला न येण्याची शक्यता आहे, आणि दुसऱ्याच्या घरी त्या रात्री कोणाला झोप लागणार नाही.

बचाव पुरेसा आहे का?

संकेतावलीच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे, आणि तो मांडल्याशिवाय परीक्षण न्याय्य होणार नाही. हा विभाग ठरला तेव्हा तीन श्रेणींचीच पद्धत रूढ होती. शिवाय वर्गीकरण सारखे बदलत राहिले तर गेल्या वर्षीचे आकडे यंदाच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. मोजपट्टी स्थिर असणे हाही मोजपट्टीचा गुणच आहे.

हे आम्हाला मान्य आहे. पण स्थैर्याचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, कारण बदल दोन प्रकारचे असतात. जुने दोन रकाने मोडून त्यांच्यातील माणसे तिसऱ्याच पद्धतीने वाटली, तर जुन्या आकड्यांशी तुलना तुटते. पण एका जुन्या रकान्याचे आत दोन भाग केले तर तुलना टिकते, कारण नव्या दोन भागांची बेरीज म्हणजेच जुना रकाना. ‘के ६२.८२’ हा पाच स्थानांचा संकेतांक आहे, आणि ही संकेतावली सात स्थानांपर्यंत जागा देते. सहाव्या स्थानावर अंक देऊन निम्न आणि उच्च श्रेणी वेगळ्या केल्या, तर विज्ञानाची रेघ मिळते आणि जुनी मालिकाही अखंड राहते. उच्च श्रेणीचे एकूण रुग्ण मग साध्या बेरजेने निघतील.

ही मागणी अवाजवी नाही, हे त्याच संकेतावलीतील गर्भाशयमुखाच्या पानावरून दिसते. तेथे पहिली श्रेणी ‘एन ८७.०’ आणि दुसरी ‘एन ८७.१’ अशी वेगवेगळी नोंदवली जाते, आणि तिसरी ‘डी ०६’ या गटात जाते. विषाणू तोच, अस्तर तसेच, श्रेणींची व्याख्या तीच. खुणांच्या यादीत दोन्ही अवयवांना अंकही तेच दिले. मग रोगाच्या यादीत एका अवयवाला दोन रकाने आणि दुसऱ्याला एकच, याला शास्त्रीय कारण आम्हाला सापडत नाही. बदलाचा मार्गही खुला आहे. अमेरिकेत या संकेतावलीची नवी आवृत्ती दर वर्षी १ ऑक्टोबरला लागू होते, आणि बदल सुचवणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी असलेल्या समितीच्या बैठका सर्वांना खुल्या असतात.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे मृत्यूच्या कारणांच्या नोंदीसाठी जागतिक संघटनेची दहावी आवृत्ती वापरतात, अमेरिकी विस्तार नाही. कर्करोगाच्या मोजणीत मात्र महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, आणि ग्रामीण भागातील पहिली १९८७ साली बार्शीला. अशा नोंदण्यांत कर्करोगासाठी खास संकेतपद्धत वापरतात. तिच्यात अवयवाचा संकेतांक वेगळा, ऊतीच्या प्रकाराचा वेगळा, आणि शेवटी तिरक्या रेघेनंतर वर्तनाचा एक अंक : स्थानसीमित असेल तर २, आत शिरणारा असेल तर ३. कोठे, काय आणि किती घातक, हे तीन प्रश्न तीन जागी ठेवल्यामुळे एकाचे उत्तर बदलले तरी बाकीची दोन ढळत नाहीत. अमेरिकी संकेतावलीने या रचनेकडून शिकण्यासारखे आहे.

एकंदरीत आमचा अभिप्राय असा. खुणांची नोंद करणारा भाग उत्तम, वर्गात आदर्श म्हणून दाखवावा असा. रोगाची नोंद करणारा भाग कालबाह्य, आणि दुरुस्ती सोपी असल्यामुळे तो तसाच राहू देणे अधिकच अक्षम्य.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्यांना महिन्याभराच्या गैरहजेरीची कारणे नावांशिवाय द्या, आणि ती चारच रकान्यांत बसवायला सांगा. रकाने त्यांनाच ठरवू द्या. काम झाले की मूळ कारणे काढून घ्या आणि मग प्रश्न विचारा : पावसामुळे किती जण आले नाहीत? धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी किती मुली घरी राहिल्या? काही गटांना उत्तर देता येईल, काहींना येणार नाही. ज्यांना आले नाही त्यांना विचारा, कोणत्या रकान्याचे दोन भाग केले असते तर आले असते. त्यानंतर पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय यांचा धडा घ्यायला हरकत नाही.